नेहमीप्रमाणे म्हणजे नक्की काय

पहिली खुर्ची मांजरी गावात पोचली तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि उत्कर्षा वानखडे अतिशय आनंदात होती.

आनंदाचं कारण असं की भाऊसाहेब कामाला लागले होते. भाऊसाहेब म्हणजे माणूस नव्हे. ‘हिंमतराव मंडप आणि डेकोरेटर्स’ यांच्या धायरीच्या गोडाऊनमध्ये गाद्यांच्या थप्पीमागे एक टेबल, दोन लॅपटॉप आणि एका बाजूलाच वळणारा पंखा असा आयटी विभाग होता. त्या विभागानं बसवलेला हा एआय एजंट. गिऱ्हाइकाचा मेसेज वाचायचा, त्याला काय हवं ते समजून घ्यायचं आणि गोडाऊनच्या सॉफ्टवेअरमधली बटणं स्वतःच दाबून ऑर्डर लावायची, एवढं त्याचं काम. नाव हिंमतरावांनी ठेवलं. मस्टरवर नाव नसलेला माणूस आपल्याकडे काम करत नाही, असं म्हणून त्यांनी मस्टरवर ‘भाऊसाहेब’ असं लिहिलं आणि पुढं रोजची हजेरी मांडायला घेतली. रविवारी सुट्टी.

त्या शुक्रवारी भाऊसाहेबांना पहिला मेसेज दिला होता: मांजरीला साखरपुडा, तीनशे खुर्च्या पाठवा. चाचणी म्हणून. भाऊसाहेबांनी सगळी बटणं पाहिली. त्यातल्या एकाचं नाव होतं ‘खुर्ची पाठवा’. त्याखाली माहिती लिहिली होती, ‘खुर्ची पाठवते.’ भाऊसाहेबांनी ती नीट वाचली आणि बटण तीनशे वेळा दाबलं.

सॉफ्टवेअर शिस्तीचं होतं. आधीची खेप पोचल्याशिवाय ते पुढची चिठ्ठी देत नसे. त्यामुळे टेंपो चालवणाऱ्या संतोषच्या फोनवर एक चिठ्ठी आली, त्यानं एक खुर्ची टेंपोत चढवली, दोरीनं घट्ट बांधली आणि धायरीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजरीला नेऊन उसाच्या कडेच्या एका मोकळ्या प्लॉटवर ठेवली. परत आला. दुसरी चिठ्ठी आली. दुसरी खुर्ची नेली. संध्याकाळी पावणेसहाला, चौथ्या खुर्चीनंतर, त्यानं फोन केला.

“संतोषभाऊ, अहो आधी का नाही केला फोन?” उत्कर्षानं विचारलं.

“पहिल्या खेपेला वाटलं, कुणी वयस्कर माणूस आधी येऊन बसणार असंल.”

“आणि दुसऱ्या?”

“त्याची बायको.”

“तिसऱ्या?”

“म्हटलं व्याही आले.”

“मग चौथ्या खेपेला काय झालं?”

“चौथ्या खेपेला बघितलं तर आधीच्या तिन्ही मोकळ्याच. मग मला जरा शंका आली.”

अजून दोनशे शहाण्णव खेपा बाकी होत्या. रोजच्या चार या वेगानं साखरपुडा उरकायला अडीच महिने लागले असते. उत्कर्षानं उरलेल्या चिठ्ठ्या थांबवल्या आणि शेजारी बसलेल्या तेजसकडे पाहिलं. तेजस सॉफ्टवेअर लिहायचा. बटणंही त्याचीच, त्याखालची माहितीही त्याचीच.

“मॉडेलमध्येच प्रॉब्लेम आहे,” तेजस म्हणाला. “दुसरं मॉडेल लावू या.”

“तेजस, ही चाचणी होती ना? मग संतोषभाऊ खरोखरचे कसे गेले?”

“मोड एक होता बहुतेक. एक म्हणजे खरं, दोन म्हणजे चाचणी.” तो जरा थांबला. “की उलटं? बघावं लागेल.”

“हे भाऊसाहेबांना सांगितलंस?”

“लिहिलंय की. ‘मोड: एक किंवा दोन.’”

उत्कर्षानं खुर्ची ओढली आणि सव्वीसच्या सव्वीस बटणांची माहिती वाचून काढली. ‘मांडव लावा: मांडव लावतो.’ ‘भांडी द्या: भांडी देते.’ ‘संख्या: आकडा.’ आणि जिथं जिथं प्रकार विचारला होता तिथं तिथं एकच शब्द: नेहमीप्रमाणे.

“हे कुणाला कळणार?”

“सेल्फ-एक्स्प्लेनेटरी आहे.”

“कुणाला?”

तेजसनं प्रामाणिकपणे विचार केला. “बेसिकली, मला.”

इथं उत्कर्षाच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. भाऊसाहेब मूर्ख नव्हते. भाऊसाहेबांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. अकोल्याहून पुण्यात आल्यापासून सात महिने ती इथं ‘लिहिता येणारं माणूस पाहिजे’ या जाहिरातीच्या जोरावर बसली होती आणि आतापर्यंत तिनं एकच गोष्ट लिहिली होती, ती म्हणजे गोडाऊनच्या दारावरचा ‘येथे गाद्यांवर झोपू नये’ हा फलक. तोही एकजण झोपून वाचत असे. आता मात्र जगात एक असा वाचक जन्माला आला होता जो लिहिलेलं प्रत्येक अक्षर वाचतो आणि अगदी तसंच वागतो. असा वाचक कुठल्याही लिहिणाऱ्याला मिळालेला तिच्या ऐकिवात नव्हता.

“काय बाप्पा,” ती स्वतःशीच म्हणाली आणि नवी वही काढली.

---

एवढ्यात हिंमतराव आले. त्यांच्या मागून दत्तोबा आले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजवत.

दत्तोबा गोडाऊन सांभाळत. एकतीस वर्षं. कुठल्या कार्याला काय लागतं, ते कुठल्या फळीवर आहे आणि त्याची मूठ कधी तुटली हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि डोक्याबाहेर कुठंही नव्हतं. लग्नसराईत त्यांचा फोन इतका वाजायचा की तो ते कानावरून काढतच नसत. मान वाकडी ठेवूनच जेवत. एकतीस वर्षांत त्यांनी सीझनमध्ये एकही रजा घेतली नव्हती. आता मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशात एक तिकीट होतं. भोपाळचं. त्यांची मुलगी राधा तिकडं असते, तिला मुलगी झाली होती आणि पुढच्या रविवारी बारसं होतं. जावयानं तिकीट काढून पाठवलं होतं, येत्या गुरुवारचं.

“चार खुर्च्या मांजरीला पाठवल्यात म्हणे,” हिंमतराव म्हणाले. “छान. उसाला बसायला झाल्या.”

मग ते उत्कर्षाकडे वळले.

“दत्तोबा रजा मागतायत. मी म्हटलं, जा. तुमच्यामागं गोडाऊन भाऊसाहेब बघतील.” त्यांनी लॅपटॉपकडे एक नजर टाकली. “पण आता भाऊसाहेबांना एक-एक खुर्ची पाठवायची सवय दिसते. तेव्हा असं करू. मंगळवारी एक खरी ऑर्डर घ्यायची. दत्तोबांना एकही फोन न करता भाऊसाहेबांनी सामानाची यादी काढायची. दत्तोबांनी आपली यादी काढून पाकिटात बंद करायची. दोन्ही याद्या जुळल्या तर दत्तोबा गुरुवारी भोपाळला. नाही जुळल्या तर दत्तोबा इथं, आणि भाऊसाहेबांचं नाव मस्टरवरून कमी.”

“आन् बारसं?” दत्तोबांनी विचारलं.

“बारसं होईलच हो. तुम्ही नसाल एवढंच.”

हिंमतराव गेले. दत्तोबांनी खिशातलं तिकीट काढलं, उघडलं, पुन्हा त्याच घड्यांवर मिटलं.

“पोरी,” ते उत्कर्षाला म्हणाले, “हुईल का गं?”

“होईल. पण तुम्ही मला सगळं सांगायचं.”

“इचार.”

“मोठा मांडव म्हणजे केवढा?”

“मोठा.”

“म्हणजे किती?”

“नेहमीचा असतो तेवढा.”

“नेहमीचा केवढा असतो?”

दत्तोबांनी तिच्याकडे काळजीनं पाहिलं. “मोठा,” ते म्हणाले.

शनिवारी दुपारपर्यंत वहीची तीन पानं भरली आणि त्यावर एकच शब्द होता. दत्तोबा लपवत होते असं नव्हे. माशाला पाण्याबद्दल विचारावं तशी त्यांची अवस्था झाली होती. तेजस म्हणाला, हे इम्पॉसिबल आहे, आपण मोड दोनच ठेवू आणि सगळ्यांना सांगू की झालं.

मग दत्तोबांचा फोन वाजला. वडगावला कुणीतरी मोठी कढई नेली होती आणि झारा न्यायचा राहिला होता.

“झाऱ्याबिगर कढई?” दत्तोबा फोनमध्ये म्हणाले. “आंघोळ करायची हाय का तिच्यात? कढई गेली की झारा जातो. आन् झारा लांब दांड्याचा, न्हाईतर आचाऱ्याचा हात भाजतो, आन् आचाऱ्याचा हात भाजला की तो जेवण सोडून आपल्यालाच शिव्या देत बसतो.”

उत्कर्षानं पेन उचललं. ‘कढई: सोबत लांब दांड्याचा झारा पाठवावा. आखूड दांड्याचा चालत नाही. आचाऱ्याचा हात भाजतो.’ तिनं लिहिलेलं पुन्हा वाचलं. तीन वाक्यांत काय, कसं आणि का, सगळं आलं होतं. ती उठून उभी राहिली.

“दत्तोबा, मला एक सांगा. एकतीस वर्षांत सगळ्यात मोठं गाढव कोण भेटलं तुम्हाला?”

दत्तोबांनी किल्ल्या खाली ठेवल्या. फोन खाली ठेवला, हे तेजसनं पहिल्यांदाच पाहिलं. मग ते गादीवर मांडी घालून बसले.

“एक हाय का,” ते म्हणाले, आणि चार तास बोलले.

एकानं जनरेटर नवरीच्या खोलीच्या खिडकीखाली लावला. फोटोत नवरी रडताना दिसते ती सासरी जायचं म्हणून नव्हे, धुरानं. एकानं चाळीस फुटी कार्पेट तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पाठवलं, जिना मोजला नाही. वळणावर ते अडकलं आणि सोसायटीची माणसं दोन दिवस त्याच्यावरून जा-ये करत होती, काहींना ते आवडलंही. एकानं दहाव्याला फुलांची कमान पाठवली.

“मग?”

“मग काय. वर सुस्वागतम् लिव्हलेलं. भटजी आत शिरंना.”

उत्कर्षा लिहीत होती. ‘फुलांची कमान: लग्न, साखरपुडा, वास्तुशांत. दहाव्याला, तेराव्याला पाठवू नये. तिच्यावर सुस्वागतम् लिहिलेलं आहे.’ ‘कार्पेट: जिन्याची रुंदी आधी विचारावी. कळली नाही तर कार्पेट पाठवू नये, कळेपर्यंत थांबावं.’ ‘खुर्ची पाठवा: संख्या म्हणजे एकूण खुर्च्या. बटण एकदाच दाबावं. एका टेंपोत तीनशे बसतात. एकच पाठवल्यास संतोष चौथ्या खेपेपर्यंत काही बोलत नाही, तेव्हा त्याच्यावर अवलंबून राहू नये.’ ‘मोड: एक म्हणजे खरी ऑर्डर, टेंपो निघतो. दोन म्हणजे चाचणी, टेंपो निघत नाही. शंका असेल तर दोन.’ या शेवटच्या ओळीसाठी तेजसला स्वतःचं सॉफ्टवेअर उघडून बघावं लागलं. पाऊण तास लागला.

संध्याकाळी तिनं नवी माहिती भाऊसाहेबांपुढं ठेवली आणि तोच मेसेज पुन्हा दिला. मांजरी, साखरपुडा, तीनशे खुर्च्या. भाऊसाहेबांनी मोड दोन धरला, बटण एकदा दाबलं, एक टेंपो लावला, आणि खाली स्वतःहून लिहिलं: ‘मांडव हवा आहे का, हे कळलेलं नाही. विचारू का?’

तेजसनं ती ओळ दोनदा वाचली. उत्कर्षा गाद्यांच्या थप्पीभोवती एक चक्कर मारून आली.

रविवारी भाऊसाहेबांना सुट्टी होती. त्यांना कामावर बोलवायला हिंमतरावांची परवानगी लागली. त्यांनी ती दिली, आणि मस्टरवर बदली सुट्टी टाकली.

---

सोमवारी लग्नाचं पान आलं. दत्तोबांनी लग्नाची यादी एका दमात सांगितली: मांडव, स्टेज, दोन राजा-राणी खुर्च्या, चौरंग, पाट, अंतरपाट, होमकुंड.

उत्कर्षाचं पेन होमकुंडावर थांबलं.

तिच्या ताईचं, स्वरालीचं लग्न अकोल्यात झालं होतं. घर बौद्ध, लग्न बौद्ध पद्धतीनं. स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पांढरं कापड, मेणबत्त्या. आणि तिथल्या मंडपवाल्यानं सकाळीच टेंपोतून एक होमकुंड उतरवलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. नेहमीप्रमाणे आलं होतं. परत न्यायला टेंपो नव्हता. शेवटी मामानं त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला आणि वर पाण्याचा जार ठेवला. ताईच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत कडेला तो जार आहे. दिमाखात उभा, जसा काही वऱ्हाडातला.

तिनं लिहिलं: ‘लग्न कोणत्या पद्धतीनं आहे ते गिऱ्हाइकाला विचारा. “नेहमीप्रमाणे” असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. प्रत्येकाचं नेहमीचं वेगळं असतं. आडनावावरून ओळखू नका.’

ही ओळ दत्तोबांना वाचून दाखवायची होती. पण ते तेव्हा कुलपं तपासत होते, मग संतोष आला, मग वडगावचा झारा परत आला. राहून गेलं.

---

मंगळवारी सकाळी अकराला हिंमतरावांनी स्वतःच्या फोनवरचा एक मेसेज दोघांनाही दिला. पूर्वा इंगळे, वारजे. या रविवारी लग्न, सोसायटीच्या मागच्या मैदानावर, अडीचशे माणसं. ‘बाकी नेहमीप्रमाणे.’

दत्तोबांनी मेसेज एकदा वाचला. “इंगळे व्हय,” म्हणाले, आणि चार मिनिटांत यादी लिहून पाकीट जिभेनं बंद केलं. नियमाप्रमाणे ते गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला, शामियान्याच्या खांबांपाशी जाऊन बसले. हिंमतराव मध्ये खुर्ची टाकून पंच झाले. संतोष टेंपोतूनच बघत होता.

भाऊसाहेबांनी लिहिलं: ‘पूर्वाताई, नमस्कार. आपलं आमच्याकडे याआधी कार्य झालेलं नाही, म्हणून दोन गोष्टी विचारतो. लग्न कोणत्या पद्धतीनं आहे? आणि मैदानावर टेंपो आतपर्यंत येतो का?’

“विचारतोय,” हिंमतराव लांबूनच म्हणाले. “म्हणजे येत नाही त्याला.”

“शेठ, विचारायला सांगितलंय मी,” उत्कर्षा म्हणाली.

उत्तर एका मिनिटात आलं, फक्त तिच्या आणि तेजसच्या स्क्रीनवर. ‘बौद्ध पद्धतीनं. विचारलंत हे फार बरं केलंत. मूर्ती आणि फोटो ठेवायला एक उंच टेबल लागेल, पांढरं कापड, मेणबत्त्यांसाठी स्टँड. होमकुंड कृपया नको. दादाच्या लग्नात आलं होतं, आम्ही ते दिवसभर लपवत होतो. टेंपो आतपर्यंत येतो.’

उत्कर्षाला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग तिनं शामियान्याच्या खांबांपाशी बसलेल्या दत्तोबांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवरच्या पाकिटाकडे पाहिलं. त्या पाकिटात काय आहे हे तिला न उघडता दिसत होतं.

तेजसलाही दिसलं. त्यानं आवाज खाली आणला. “मी मॅन्युअली होमकुंड ॲड करू का? जस्ट फॉर मॅचिंग. नंतर काढून टाकू. दत्तोबा जातील, सगळे हॅपी.”

तिचा हात माउसवर होता. दत्तोबांनी खिशातून तिकीट काढलं होतं आणि ते गाडीचा नंबर पाठ करत होते. ओठ हलताना दिसत होते.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, दोन मिनिटांचं काम आहे.”

“तसं केलं तर गुरुवारी भाऊसाहेबांच्या भरवशावर गोडाऊन सोडायचं ते कशाच्या जोरावर? उद्या कुणी घाईत नंतर काढायला विसरलं की पूर्वाताई पुन्हा दिवसभर लपवत बसल्या.” “आणि त्याच्यावर जार ठेवायचं सुचणारा मामा सगळ्यांना नसतो.”

तेजसला यातलं मामाचं कळलं नाही, पण त्यानं हात मागं घेतला.

भाऊसाहेबांची यादी प्रिंटरमधून बाहेर आली. हिंमतरावांनी पाकीट फाडलं. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

“मांडव, चाळीस बाय साठ. यात? चाळीस बाय साठ. स्टेज. स्टेज. राजा-राणी खुर्च्या दोन. दोन. कढई दोन, लांब दांड्याचे झारे दोन.” ते थांबले. “भाऊसाहेबांनी झारे टाकलेत.”

“टाकणारच,” दत्तोबा लांबून म्हणाले.

“जनरेटर, खोलीपासून लांब. जनरेटर, खोलीपासून लांब. पाण्याचे जार. फुलांची कमान.” एकेक ओळ जुळत होती आणि संतोष प्रत्येक ओळीला हॉर्नवर हलकेच बोट ठेवत होता. तेजस नखं खात होता. सोळा ओळी जुळल्या. सतराव्या ओळीवर हिंमतरावांचं बोट थांबलं.

“दत्तोबा: चौरंग, पाट, अंतरपाट, होमकुंड. भाऊसाहेब: उंच टेबल एक, पांढरं कापड, मेणबत्तीचे स्टँड चार.” त्यांनी चष्मा काढला. “आणि खुर्च्या. दत्तोबा: अडीचशे. भाऊसाहेब: अडीचशे, पैकी चार मांजरीहून.” त्यांनी दोन्ही कागदांची घडी घातली. “जुळलं नाही.”

“बघा,” दत्तोबा उठत म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. “लग्नाला होमकुंड लावंना हे. म्हटलं नव्हतं? एकतीस वर्षं काय उगाच…” मग आपण कशाला हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं. हात खिशाकडे गेला आणि तिकिटावर थांबला.

उत्कर्षा लॅपटॉप उचलून त्यांच्यापर्यंत घेऊन गेली. वायर ताणली गेली, पंखा बंद पडला. “दत्तोबा, एवढं वाचा.”

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा बोट लावून वाचलं.

“मला हे कुणी सांगितलं न्हाई.”

“तुम्ही विचारलं नव्हतं.”

“आता मी कशापायी इचारू? लगीन म्हंजी…” ते मध्येच थांबले. बराच वेळ ते फळ्यांच्या शेवटच्या रांगेकडे बघत राहिले. तिथं होमकुंडं एकावर एक रचलेली होती.

“कोरी परत यायची,” ते म्हणाले.

“काय?”

“काही काही होमकुंडं. राख न्हाई, काजळी न्हाई, गेली तशी परत. मला वाटायचं, काय स्वच्छ माणसं हायत. घासून पाठवलं. पुढच्या टायमाला त्यांना मी चांगल्यातलं चांगलं होमकुंड द्यायचो, मुद्दाम.” त्यांनी मान हलवली. “किती जणांना दिलं असंल.”

उत्कर्षाला हसू येत होतं आणि डोळ्यांतही काहीतरी येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं काहीच केलं नाही.

दत्तोबा हिंमतरावांसमोर जाऊन उभे राहिले. “शेठ, माझी यादी चुकली. त्याची बरुबर हाय.”

हिंमतरावांनी चष्मा घातला. “परत म्हणा. मी उभा राहतो.”

“म्हटलं की एकदा.”

“एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून विचारलं. पण अट याद्या जुळण्याची होती, कुणाची बरोबर याची नव्हती. मी माझा शब्द फिरवत नाही.”

“मग पेन द्या,” दत्तोबा म्हणाले.

त्यांनी आपली यादी हिंमतरावांच्या हातातून घेतली, टेंपोच्या बॉनेटवर ठेवली, चौरंगापासून होमकुंडापर्यंत एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: उंच टेबल, पांढरं कापड, मेणबत्तीचे स्टँड. मग विचारलं, “स्टँड किती लिव्हलेत त्यानं?”

“चार,” संतोषनं आतून सांगितलं.

“चार. आन् ह्या मांजरीच्या खुर्च्या. त्या अजून तिथंच हायत?”

“भाऊसाहेबांनी साठा मोजला,” उत्कर्षा म्हणाली. “अडीच हजारांऐवजी दोन हजार चारशे शहाण्णव भरल्या. मग आधीच्या चिठ्ठ्या पाहिल्या. परवा संतोषभाऊ हडपसरला जाणारच आहेत, येताना आणायला सांगितलंय.”

दत्तोबांनी भुवया वर केल्या. “मी इसरलो व्हतो त्या,” ते म्हणाले, आणि तेही लिहिलं. मग कागद हिंमतरावांच्या हातात दिला. “आता बघा जुळतीय का.”

हिंमतरावांनी दोन्ही कागद पुन्हा मांडीवर ठेवले आणि पहिल्या ओळीपासून, एकही ओळ न गाळता, पुन्हा सगळं वाचलं. तेवीस ओळी.

“जुळल्या,” ते शेवटी म्हणाले. “जा भोपाळला.”

संतोषनं हॉर्न वाजवला. या वेळी बोट हलकं नव्हतं. धायरीच्या चौकातून कुणीतरी उत्तरादाखल वाजवला, कारण न विचारता.

---

गुरुवारी दत्तोबांनी किल्ल्यांचा जुडगा मस्टरशेजारच्या खिळ्याला लावला, भाऊसाहेबांच्या नावाखाली. चार वेळा परत येऊन बघितलं. पाचव्या वेळी संतोषनं त्यांना टेंपोत बसवूनच स्टेशनला नेलं.

रविवारी दुपारी उत्कर्षाचा फोन वाजला. ती वारज्याला पूर्वा इंगळेच्या लग्नात एका कडेला उभी होती, टेबल नीट बसलंय ना ते बघायला म्हणून आलेली. समोर पांढरं कापड होतं, मेणबत्त्या लागलेल्या होत्या, वंदना संपून जेवणं चालू झाली होती. लपवायला काही नव्हतं. मांजरीच्या चार खुर्च्यांवर पूर्वाचे चार मामा बसले होते, उसाची माती झटकून.

“फोन का न्हाई केला कुणी?” दत्तोबांनी विचारलं. मागं ढोलक वाजत होती.

“काम नव्हतं.”

“तीन दिवस?”

“तीन दिवस.”

“कायच न्हाई?”

“काहीच नाही. बाळाचं नाव काय ठेवलं?”

“ठिवायचं हाय अजून. भाऊसाहेबाला द्या जरा.”

“आज रविवार आहे. सुट्टी आहे त्यांना.”

“मग मागच्या रविवारची बदली?”

“ती बुधवारी घेतील.”

मग दत्तोबांचा आवाज खाली आला, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

“पोरी, आपल्या त्या कागदात पाळण्याचं पान हाय का?”

“नाही. बारसं आपल्याकडे फारसं येत नाही.”

“मग वही काढ. इथल्या मंडपवाल्यानं पाळणा पाठवलाय आन् दोरी पाठवली न्हाई. सगळी नुसती पाळण्याकडं बघत बसलीत. मी त्याला फोन केला, दोरी कुठाय, तर म्हणतो कसा, दोरी घरचीच असती, नेहमीप्रमाणं.” त्यांनी दम घेतला. त्या दम घेण्यात आठ दिवसांपूर्वीचे चार तास होते, आणि उत्कर्षानं ते ओळखलं.

तिनं मामांच्या शेजारी जमिनीवर बसून वही उघडली, वर ‘पाळणा’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

“सांगा,” ती म्हणाली.

“लिव्ह. भोपाळात एक गाढव हाय…”